उत्पन्नमर्यादा आणि पाल्यांच्या सवलती

प्राथमिक शिक्षण निःशुल्क आहे. तथापि मुलाचे शिक्षण खर्चावाचून होते असे नाही. वह्या, कपडे, चपला, आजारपण, आठवीनंतर गावाबाहेरच्या शाळेपर्यंतचा प्रवास, आणि मूल शाळेत बसले म्हणून घरी व गुरांपाठी कमी पडलेले हात, हा सारा भार पालकच सोसतो. तो काही अंशी हलका व्हावा म्हणून शासनाने दोन वाटा योजिल्या आहेत. ज्या कुटुंबास कर द्यावा लागतो त्यास करात सूट द्यावयाची, ही पहिली वाट. आणि ज्यास कर द्यावा लागत नाही त्यास शिष्यवृत्ती, फीमाफी अथवा अनुदान द्यावयाचे, ही दुसरी. दोन्ही वाटांच्या तोंडाशी बहुधा एकच पाटी आढळते, ती म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेची.

शाळा उघडल्यावर जिल्ह्यातील गावोगावचे पालक मुख्याध्यापकांस एकच प्रश्न विचारतात : ‘गुरुजी, आमचं यात बसते काय?’ प्रश्न चार शब्दांचा असला, तरी त्याचे उत्तर चार गोष्टींवर अवलंबून असते. मर्यादा कोणत्या स्वरूपाची आहे, कोणते उत्पन्न मोजावयाचे, ते कोणत्या वर्षाचे, आणि मर्यादेची रेषा शेवटी केव्हा हलली, या त्या चार गोष्टी होत. त्यांचा उलगडा झाला म्हणजे बऱ्याच अडचणी आपोआप दूर होतात. न झाल्यास, हक्काची सवलत असूनही केवळ गैरसमजापायी मूल तिला मुकते.

कर आणि मूल : १९५७ ची व्यवस्था

कराच्या हिशेबात मुलांची गणना करावी, हा विचार भारतात नवीन नाही. चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना १९५५ साली विवाहित व अविवाहित करदात्यांत प्रथम भेद करण्यात आला. विवाहितास उत्पन्नाच्या पहिल्या २,००० रुपयांवर कर नव्हता. अविवाहितास ही सूट १,००० रुपयांपुरतीच होती. पुढे टी. टी. कृष्णमाचारी यांच्या काळात, १९५७ साली, या भेदात मुलांची भर पडली. विवाहित करदात्यास पहिले ३,००० रुपये करमुक्त झाले. त्याच्यावर अवलंबून असलेले एक मूल असल्यास ३,३०० रुपये, आणि एकाहून अधिक मुले असल्यास ३,६०० रुपये. म्हणजे मुलामागे ३०० रुपयांची वाढ, आणि तीही दोन मुलांपुरती.

या सवलतीस एक अट होती. करदात्याचे एकूण उत्पन्न वर्षास २०,००० रुपयांहून अधिक असता कामा नये. त्यापुढे ही विशेष सूट मिळत नसे. या एका तरतुदीत दोन तत्त्वे एकत्र आलेली दिसतात. समान उत्पन्नाच्या दोन गृहस्थांपैकी ज्याच्या घरी मुले आहेत त्याची कर देण्याची शक्ती कमी असते, हे पहिले तत्त्व. ज्याचे उत्पन्न पुष्कळ आहे त्यास या साहाय्याची गरज नाही, हे दुसरे. उत्पन्नमर्यादा ही या दुसऱ्या तत्त्वातून जन्मास येते. कालांतराने मुलांच्या संख्येप्रमाणे करमुक्त रक्कम ठरविण्याची ही रीत मागे पडली. तत्त्वे मात्र कायम राहिली.

कर न देणाऱ्या मोठ्या वर्गासाठी त्याच सुमारास दुसरी वाट राज्याने उघडली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ज्यांचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत आहे अशा पालकांच्या पाल्यांस फीमाफी देण्यात आली. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांची ही सवलत ‘ई.बी.सी.’ या तीन अक्षरांनी महाराष्ट्रभर ओळखली जाऊ लागली. हजारो शेतकरी-मजुरांची मुले त्या सवलतीच्या बळावर हायस्कूलपर्यंत व पुढे महाविद्यालयापर्यंत पोचली. येथेही अट एकच होती, ती उत्पन्नाची.

भिंत आणि उतार

उत्पन्नमर्यादा दोन प्रकारची असू शकते. एक भिंतीसारखी, दुसरी उतारासारखी.

भिंतीसारख्या मर्यादेत रेषेच्या अलीकडे पूर्ण साहाय्य आणि पलीकडे शून्य. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेचे, म्हणजे एन.एम.एम.एस. परीक्षेचे उदाहरण शिक्षकांच्या नित्य परिचयाचे आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळू शकतात. महाराष्ट्राच्या वाट्यास अशा ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. पूर्वी ही मर्यादा दीड लाखाची होती.

आता असे समजा की, हिंगणघाट येथील एका जिनिंग कारखान्यात वडील कामास आहेत आणि आई घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न ३,४६,००० रुपये आहे. मुलगी हुशार आहे व परीक्षेस बसण्यास पात्र आहे. दिवाळीत आईस अधिक काम मिळाले व ६,००० रुपये जास्त आले, तर उत्पन्न ३,५२,००० रुपये होते. सहा हजारांची भर पडली आणि वर्षास बारा हजार मिळण्याचे दार मिटले. अधिक कष्ट केले त्या वर्षी कुटुंब खाली गेले, असा हा विपरीत परिणाम होय. यात पालकाचा दोष नाही, मुलीचाही नाही. तो भिंतीच्या रचनेचा धर्म आहे.

नोकरदारांच्या आयकरातही हीच भिंत दिसते, आणि तेथे मुलांच्या शिक्षणाचा संबंध अनपेक्षितपणे येतो. येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ‘वजावट’ ही उत्पन्नातून होते. म्हणजे कर ज्या रकमेवर आकारावयाचा ती रक्कम कमी होते. ‘करसूट’ ही प्रत्यक्ष करातून होते. म्हणजे आकारलेला करच कमी होतो. १९६१ च्या आयकर कायद्याखाली जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी, इतर बचतीसह दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, उत्पन्नातून वजा होत असे. देणगी, बसभाडे अथवा वसतिगृहाचा खर्च त्यात धरला जात नसे. याशिवाय करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १२,५०० रुपयांपर्यंत करसूट २०१९ पासून लागू झाली. परिणामी पाच लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्यास कर काहीच पडत नसे.

एखाद्या शिक्षकाचे करपात्र उत्पन्न फी वजा करण्यापूर्वी ५,१२,००० रुपये आहे असे धरू. फीची वजावट मागितली नाही, तर पहिल्या पाच लाखांवर १२,५०० आणि वरच्या १२,००० वर वीस टक्क्यांनी २,४०० मिळून १४,९०० रुपये कर होतो. त्यावर चार टक्के उपकर ५९६ रुपये. एकूण १५,४९६ रुपये. आता त्याच शिक्षकाने दोन मुलांची १२,००० रुपये फी नियमाप्रमाणे दाखविली, तर उत्पन्न बरोबर पाच लाखांवर येते व कर शून्य होतो. बारा हजारांच्या पावत्यांनी साडेपंधरा हजारांचा कर वाचला. रेषेच्या जवळ उभ्या असलेल्या माणसास लहानशा वजावटीचे मोल किती असते, हे यावरून ध्यानात येईल. कपाटात राहिलेल्या फीच्या पावतीचीही अशी किंमत असू शकते.

उतारासारख्या मर्यादेत साहाय्य एकदम थांबत नाही. उत्पन्न वाढेल तसे ते हळूहळू कमी होते. इंग्लंडमध्ये एप्रिल २००३ मध्ये मुले असलेल्या कुटुंबांसाठी सुरू झालेली व एप्रिल २०२५ मध्ये संपुष्टात आलेली जी बाल-करसूट होती, तिची रचना अशीच होती. कर देण्याइतके उत्पन्न नसले, तरी ती रोख मिळत असे. ठरावीक रेषेच्या वर उत्पन्न गेले, तर वरच्या प्रत्येक पौंडामागे २०११ पासून ४१ पेन्स कमी केले जात. शंभर पौंड अधिक मिळविणाऱ्यास साहाय्यातून ४१ पौंड गमवावे लागत. पण ५९ पौंड हाती उरत. अमेरिकेच्या करकायद्यातही मुलांमागे करसूट आहे. तेथे २०१८ पासून एकट्या पालकास दोन लाख डॉलर व जोडीने हिशेब देणाऱ्या पती-पत्नींस चार लाख डॉलर अशी रेषा ठेविली गेली. तिच्यावरील दर हजार डॉलरमागे सूट ५० डॉलरने घटते. या पद्धतीत हिशेब किचकट होतो, हा दोष खरा. परंतु कष्ट वाढविल्याबद्दल कोणास दंड होत नाही.

भारताच्या आयकरातही नव्या प्रणालीत उताराचा अंश आला आहे. वित्तीय वर्ष २०२५-२६ साठी १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ६०,००० रुपयांपर्यंत करसूट देण्यात आली. उत्पन्न १२,१०,००० रुपये असल्यास दराप्रमाणे कर ६१,५०० रुपये होतो. परंतु रेषेच्या वर गेलेल्या रकमेहून अधिक कर घ्यावयाचा नाही, असा नियम असल्याने तो उपकराव्यतिरिक्त १०,००० रुपयांवर थांबतो. याच प्रणालीत मुलांच्या फीची वजावट मात्र मिळत नाही. म्हणून ज्या शिक्षकांची मुले फी देऊन शिकतात त्यांनी दोन्ही प्रणालींचा हिशेब शेजारी शेजारी मांडून मगच निवड करणे श्रेयस्कर. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा नवा आयकर कायदा २०२५ साली संमत होऊन १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. यास्तव पुढील वर्षांसाठी त्या त्या वर्षाचे दर व कलमे पाहूनच हिशेब करावा.

कोणते उत्पन्न मोजावयाचे?

वर्धा जिल्ह्यातील पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज या ठिकाणी आढळतो. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे. त्यामुळे ‘मी कर भरत नाही, म्हणजे माझे उत्पन्न नाही’ असे शेतकरी पालक समजतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र कराचा दाखला नव्हे. त्यात कपाशी, सोयाबीन, तूर अथवा संत्र्याच्या बागेचे उत्पन्न, मजुरी, दुधाचा जोडधंदा, आईची कमाई, हे सर्व धरले जाते. कर शून्य असूनही उत्पन्न मर्यादेबाहेर असू शकते. उलटपक्षी, शेत आहे म्हणून सवलत मिळणारच नाही असे मानून अर्ज न करणारा कोरडवाहू शेतकरी वस्तुतः मर्यादेच्या पुष्कळ आत असू शकतो. दोन्ही बाजूंनी नुकसान मुलाचेच होते.

निरनिराळ्या दाखल्यांत उत्पन्नाची व्याख्याही निराळी असते. इतर मागासवर्गीयांच्या उन्नत व प्रगत गटात न मोडण्याचा दाखला, ज्यास नॉन क्रीमी लेअर म्हणतात, त्याच्या आठ लाख रुपयांच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगाराचे व शेतीचे उत्पन्न मिळविले जात नाही; पालकांचे पद व जमिनीचे प्रमाण यांसाठी वेगळ्या कसोट्या आहेत. याच्या नेमके उलट, २०१९ साली आलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठीही मर्यादा आठ लाखांचीच आहे, परंतु तेथे पगार, शेती, व्यापार असे सर्व उत्पन्न एकत्र धरले जाते. आकडा एक, अर्थ दोन. म्हणून केवळ आकडा पाहून पालकास ‘बसते’ वा ‘बसत नाही’ असे सांगणे धोक्याचे आहे.

मुलास मिळालेली शिष्यवृत्ती ही करपात्र उत्पन्नात येईल काय, अशीही शंका काही पालक घेतात. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या कायद्याने आयकरातून मुक्त ठेविली होती. शिष्यवृत्ती घेतल्याने बापाचा कर वाढेल, या भीतीस आधार नाही.

कोणत्या वर्षाचे उत्पन्न?

पगारदाराचे उत्पन्न दरवर्षी साधारण सारखे असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे तसे नसते. एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, बोंडअळी पडत नाही, भाव बरा मिळतो; पुढच्या वर्षी याच शेतात बियाण्याचा खर्चही निघत नाही. एका वर्षाच्या दाखल्यावर सवलत ठरत असेल, तर चांगल्या वर्षी भिंतीपलीकडे गेलेल्या कुटुंबास वाईट वर्षीही त्या निर्णयाचे फळ भोगावे लागते. आठवीत असताना ज्या वर्षाचे उत्पन्न पाहिले गेले, त्यावर बारावीपर्यंतचे साहाय्य अवलंबून राहते.

या बाबतीत नॉन क्रीमी लेअरचा नियम अधिक उदार आहे. तेथे सतत तीन वर्षे उत्पन्न मर्यादेच्या वर राहिले, तरच कुटुंब उन्नत गटात जाते. एक चांगले पीक दार बंद करीत नाही. जेथे उत्पन्न पावसावर अवलंबून असते, तेथे तीन वर्षांच्या आधाराने निर्णय घेण्याची ही रीत अधिक न्यायाची ठरते. महसूल कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा अथवा तीन वर्षांचा मिळतो. कोणत्या योजनेस कोणता लागतो, हे अगोदर पाहिल्यास पालकाचा दुसरा हेलपाटा वाचतो.

जागीच उभी राहिलेली रेषा

महागाई वाढते, मजुरी वाढते. कागदावरील आकडा मात्र कोणी बदलीपर्यंत तेथेच असतो. १,२०० रुपयांची मर्यादा ज्या काळी घातली गेली त्या काळी ती बऱ्याच मोठ्या वर्गास सामावून घेत होती. आज तोच आकडा ठेविला असता, तर एकही कुटुंब तीत बसले नसते. मर्यादा वेळोवेळी वाढविली नाही, तर कोणताही आदेश न काढता सवलत आपोआप आटत जाते.

नॉन क्रीमी लेअरची मर्यादा १९९३ साली एक लाख होती. ती २००४ साली अडीच लाख, २००८ साली साडेचार लाख, २०१३ साली सहा लाख आणि २०१७ साली आठ लाख झाली. याउलट शिधापत्रिकांचे पाहा. १९९९ साली राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. पंधरा हजारांच्या वर व एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांस केशरी पत्रिका, आणि त्याहून अधिक असलेल्यांस शुभ्र. २०२३ साली ‘लेक लाडकी’ योजना निघाली, तेव्हा पिवळ्या व केशरी पत्रिकाधारक कुटुंबांसाठी उत्पन्नाची रेषा तीच, एक लाखाची, धरण्यात आली. या योजनेत १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीस जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळावयाचे आहेत. पहिली व सहावीचे टप्पे प्राथमिक शाळेच्या दारातच येतात, म्हणून ही योजना शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी.

एक लाख म्हणजे महिन्यास सुमारे ८,३३३ रुपये, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे. नवराबायको दोघे मजुरीस जातात, प्रत्येकास दिवसास ३०० रुपये मिळतात आणि वर्षात प्रत्येकी दोनशे दिवस काम लागते, असे धरले, तर उत्पन्न १,२०,००० रुपये होते. भूमिहीन मजुराचे हे घर, हिशेब काटेकोर केला, तर रेषेबाहेर पडते. अशा वेळी खरे उत्पन्न सांगावे तर साहाय्य जाते, आणि कमी सांगावे तर खोटेपणा होतो, या कात्रीत गरीब माणूस सापडतो. रेषा फार खाली राहिली म्हणजे ती प्रामाणिकपणासही महाग करून ठेवते, हा तिचा सर्वांत मोठा तोटा होय.

जेथे मर्यादा नाही

सर्वच साहाय्यास उत्पन्नाची अट असते असे नाही. याचे एक मूळ वर्धा येथेच आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे निःशुल्क व सक्तीचे शिक्षण राष्ट्रव्यापी प्रमाणावर द्यावे, असा ठराव केला. त्यात पालकाच्या मिळकतीची चौकशी नव्हती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास हा हक्क दिला. शाळेत नाव घालताना कोणाचाही दाखला पाहिला जात नाही. शाळेतील मध्यान्ह भोजनाच्या पंगतीतही उत्पन्नाचा प्रश्न येत नाही. पाचवी ते दहावीतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींसाठी असलेल्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीस उत्पन्नाची अट घातलेली नाही. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी दुर्बल गटास एक लाखाची मर्यादा आहे. परंतु अनुसूचित जाती व जमातीच्या पाल्यांस ती लागत नाही.

अट नसलेल्या साहाय्यात दाखल्याचा खर्च नाही, हेलपाटा नाही, आणि मुलांत ‘दाखल्याचा’ व ‘बिनदाखल्याचा’ असा भेदही पडत नाही. पैसा थोडा असेल तर तो अधिक गरजूंपर्यंत पोचावा, ही मर्यादेमागील भूमिका चुकीची नाही. परंतु जेथे अट नाही तेथेही ती आहे असे समजून पालक घरी बसला, तर ते नुकसान कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही.

शिक्षकांनी करावयाचे साहाय्य

मर्यादा ठरविणे शिक्षकाच्या हाती नाही. ती पालकास नीट समजावून देणे मात्र हाती आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

१. शाळा सुरू होताच पालकसभेत चालू योजनांची यादी वाचून दाखवावी. प्रत्येक योजनेपुढे उत्पन्नमर्यादा, मोजावयाचे उत्पन्न, दाखल्याचे वर्ष व अर्जाची शेवटची तारीख स्वच्छ लिहावी. ज्या योजनांस मर्यादा नाही त्या वेगळ्या लिहाव्यात.

२. उत्पन्नाचा दाखला परीक्षेची तारीख जवळ आल्यावर मागू नये. सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका, नोकरदारासाठी वेतनाचे प्रमाणपत्र, ही कागदपत्रे घेऊन पालकाने सेतू केंद्रातून वेळीच अर्ज करावा. आष्टी, कारंजा अथवा समुद्रपूर तालुक्यातील आडगावच्या मजुरास तालुक्यास जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय. ती दोनदा बुडू नये.

३. मर्यादेच्या जवळ असलेल्या कुटुंबास दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून दाखवावा. मर्यादेत राहण्यासाठी उत्पन्न लपविण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. खोट्या दाखल्यावर मिळालेले साहाय्य परत करावे लागते आणि त्याची झळ मुलाच्या पुढील शिक्षणास बसते. कायद्याने जी रक्कम मोजावयाची नाही ती मोजली जाऊ नये, एवढे मात्र पाहावे.

४. ज्याचे मूल यंदा भिंतीपलीकडे राहिले, त्यास पुढील वर्षी पुन्हा विचारावे. पीक बदलते, काम सुटते, उत्पन्न खाली येते. गतवर्षीचा नकार हा कायमचा नकार नसतो. अमुक योजनेत न बसणारे मूल दुसऱ्या योजनेत बसण्याचाही संभव असतो.

५. आठवीच्या वर्गशिक्षकाने, पात्र असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव एन.एम.एम.एस. परीक्षेस गेले की नाही, हे स्वतः तपासावे. अभ्यासात पुढे असलेला विद्यार्थी कागदात मागे राहू नये.

उत्पन्नाची मर्यादा ही सार्वजनिक पैशाच्या वाटपाची एक रीत आहे. ती शहाणपणाने आखली, वेळोवेळी वर सरकविली व उतारासारखी केली, तर ती न्यायाचे साधन होते. तशी ती होईपर्यंत, रेषेच्या अलीकडचे एकही मूल अज्ञानामुळे पलीकडे ढकलले जाऊ नये, याची काळजी शाळेलाच घ्यावयाची आहे. वर्गातील पटावर ज्याचे नाव आहे, त्याचे नाव सवलतीच्या यादीतही जेथे असावयास पाहिजे तेथे आहे ना, एवढे प्रत्येक शिक्षकाने वर्षारंभी एकदा पडताळून पाहिले, तर या जिल्ह्यातील कित्येक घरांत शिक्षणाचा दिवा आणखी चार वर्षे तेवत राहील.